विम आणि निओविममध्ये झटपट संपादनासाठी प्लगिन कशी निवडावीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कोणासाठी आहे?

मुंबईत विम किंवा निओविम, म्हणजे टर्मिनलमध्ये कीबोर्डवरच चालवायचे मजकूर-संपादक, वापरणाऱ्यांसाठी. मग ते अंधेरी-पवईच्या ऑफिसात कोड लिहिणारे असोत, बीकेसीत कुणाच्या तरी सर्व्हरवर रात्री लॉगिन करणारे असोत, नाहीतर माटुंग्याच्या कॉलेजात प्रोजेक्ट सबमिशनच्या आदल्या दिवशी जागणारे. डीडी (ओळ काढणं), वायवाय (ओळ कॉपी करणं), डब्ल्यूक्यू (सेव्ह करून बाहेर पडणं) येतं, पण त्यापुढे कोणती प्लगिन, म्हणजे संपादकात वरून टाकायच्या जोडण्या, घ्याव्यात ते कळत नाही, अशांच्या प्रश्नांना इथे उत्तरं आहेत. विम अजून उघडलंच नसेल तर आधी टर्मिनलमध्ये 'विमट्यूटर' चालवा. अर्ध्या तासाचा धडा आहे आणि विमबरोबरच येतो.

इंग्रजी बटणं या पानावर उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. 'सीआयडब्ल्यू' म्हणजे सी, आय, डब्ल्यू ही बटणं एकापाठोपाठ दाबायची.

सुरुवातीला किती प्लगिन टाकावीत?

एकही नाही. निदान पहिले काही आठवडे तरी कोऱ्या विमवर काम करा. हा सल्ला बऱ्याच जणांना जुनाट वाटतो. पण विमचा वेग ज्या गोष्टीतून येतो ती प्लगिनमध्ये नाहीच, मूळ संपादकातच आहे, म्हणून मी तो आग्रहाने देते.

विममध्ये प्रत्येक बदलाचे दोन भाग असतात: काय करायचं आणि कुठपर्यंत करायचं. डी म्हणजे काढून टाक, सी म्हणजे काढ आणि तिथेच लिहायला लाग, वाय म्हणजे कॉपी कर. त्यापुढे 'आयडब्ल्यू' म्हणजे कर्सरखालचा शब्द, 'आयपी' म्हणजे परिच्छेद, 'आय' आणि अवतरणचिन्ह म्हणजे अवतरणातला मजकूर. समजा ओळ अशी आहे: स्टेशन = "ठाणे". कर्सर ओळीच्या अगदी सुरुवातीला आहे. सी, आय आणि दुहेरी अवतरण दाबा. विम स्वतःच पुढच्या अवतरणापर्यंत जातो, ठाणे पुसतो आणि तुम्हाला लिहिण्याच्या मोडमध्ये सोडतो. तुम्ही 'दादर' लिहून एस्केप मारता. आता खालच्या ओळीवर जाऊन शेवटचा बदल पुन्हा करणारं टिंब नुसतं दाबलं की तिथल्या अवतरणातही दादर येतं. यात माउस नाही, मोजून बाण दाबणं नाही आणि प्लगिनही नाही.

याच कुळातली दुसरी गोष्ट 'सीजीएन'. बदलायच्या शब्दावर कर्सर ठेवून तारा (*) दाबा, मग सीजीएन, मग नवा शब्द, मग एस्केप. त्यानंतर प्रत्येक टिंबासरशी पुढचा तोच शब्द बदलत जातो. एखादा तसाच ठेवायचा असेल तर एन दाबून पुढे जा. 'एकाच वेळी अनेक कर्सर देणारं प्लगिन सांगा' असं विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांचं काम एवढ्याने भागतं.

कोऱ्या विममध्ये तीन सेटिंग मात्र पहिल्या दिवसापासून घाला. 'रिलेटिव्हनंबर'मुळे प्रत्येक ओळ कर्सरपासून किती दूर आहे ते दिसतं आणि '७जे' (सात ओळी खाली जाणं) अंदाजाने मारावं लागत नाही. 'अनडूफाइल'मुळे फाइल बंद करून दुसऱ्या दिवशी उघडली तरी कालचे बदल मागे घेता येतात. ही सोय २०१० सालच्या ७.३ आवृत्तीपासून आहे, तरी आजही कित्येकांना माहीत नसते. तिसरी 'इग्नोरकेस' आणि 'स्मार्टकेस' ही जोडी, शोध घेताना लहान-मोठ्या अक्षरांची कटकट घालवायला.

मग प्लगिनची गरज आहे हे ओळखायचं कसं?

हाताकडे बघून. इंटरनेटवरची 'टॉप टेन' यादी बघून नव्हे.

एका दिवसात कोणती हालचाल तुम्ही पुन्हा पुन्हा करता आणि दर वेळी मनात जराशी चीड येते, ते कागदावर लिहून ठेवा. 'शब्दाभोवती कंस घालायला आधी मागे जावं लागतं, मग पुढे.' 'फाइल कुठल्या फोल्डरात आहे तेच आठवत नाही.' 'फंक्शनचं नाव बदललं, पण चार फाइलींत जुनंच राहिलं.' असं नेमकं वाक्य लिहिता आलं की त्यावरचं प्लगिन शोधायला पाच मिनिटं पुरतात. वाक्य लिहिता येत नसेल तर प्लगिन नको, तुम्हाला फक्त नवं काहीतरी बघायचंय. तेही चालेल, पण कामाच्या कॉन्फिगमध्ये, म्हणजे विमच्या सेटिंगच्या फाइलीत, नको.

सापडलेल्या प्लगिनला मी पहिला प्रश्न हा विचारते: हे टिंबाने पुन्हा करता येतं का? आणि ते डी, सी, वाय यांच्याशी जोडता येतं का? दोन्हीला 'हो' असेल तर शिकायला घातलेला वेळ फुकट जात नाही, कारण ते तुम्हाला आधीच येणाऱ्या सगळ्या गोष्टींबरोबर चालतं. जी प्लगिन नवी खिडकी, नवा मेनू आणि स्वतःची वेगळी बटणं घेऊन येतात, ती दिसायला छान असतात. पण त्यांच्यासाठी तुम्हाला विमच्या आत आणखी एक छोटा संपादक शिकावा लागतो.

पहिलं प्लगिन कोणतं घ्यावं?

विमची अनेक प्लगिन लिहिणारे टिम पोप यांचं 'सराउंड'. इतकं स्पष्ट उत्तर या पानावर दुसऱ्या कुठल्याच प्रश्नाला नाही.

कोऱ्या विममध्ये अवतरणाच्या आतलं बदलता येतं, पण खुद्द अवतरणचिन्ह बदलायला सोपी वाट नाही. सराउंड ती देतं. 'सीएस' आणि त्यापुढे दुहेरी, मग एकेरी अवतरण दाबलं की "वडाळा" चं 'वडाळा' होतं. 'डीएस' आणि कंस दाबला की भोवतीचा कंस जातो, आतला मजकूर तसाच राहतो. 'वायएसआयडब्ल्यू' आणि कंस दाबला की शब्दाभोवती कंस येतो. इथे एक बारकावा आहे: बंद होणारा कंस दिला तर (शब्द) असं चिकटून येतं, उघडणारा दिला तर ( शब्द ) अशी आत मोकळी जागा सुटते. हे माहीत नसल्यामुळे बरेच जण आठवडाभर नको असलेल्या स्पेस पुसत बसतात. एचटीएमएल लिहिणाऱ्यांसाठी 'डीएसटी' आणि 'सीएसटी' आहेत. टॅगची सुरुवात आणि शेवट दोन्ही एकदम जातात किंवा बदलतात.

सराउंडबरोबर त्याच लेखकाचं 'रिपीट' घ्या, नाहीतर टिंब चालणार नाही. निओविमवर असाल तर 'एनविम-सराउंड' किंवा 'मिनी' संचातलं सराउंड घेतलंत तरी चालेल, त्यांना वेगळं रिपीट लागत नाही. फक्त 'मिनी'ची बटणं वेगळी आहेत, एसए, एसडी, एसआर. सर्व्हरवर आणि दुसऱ्याच्या मशीनवर काम पडत असेल तर टिम पोप यांचीच बटणं हातात बसवा, कारण जिथे तिथे तीच भेटतात.

कोडच्या ओळी कमेंट करायला काय घेऊ?

बहुधा काहीच नको. मे २०२४ मध्ये आलेल्या निओविम ०.१० पासून कमेंट करणारी 'जीसीसी' (एक ओळ) आणि 'जीसी' (सांगाल तेवढा भाग) ही बटणं आतच आहेत. विमच्या ९.१ मालिकेतल्या नव्या आवृत्त्यांबरोबर 'कमेंट' नावाचं पॅकेज येतं, कॉन्फिगमध्ये 'पॅकअ‍ॅड कमेंट' लिहिलं की सुरू. आवृत्ती त्याहून जुनी असेल तर टिम पोप यांचं 'कमेंटरी'.

फाइल शोधायला डावीकडे फोल्डरांचं झाड दाखवणारं प्लगिन घेऊ का?

नर्डट्रीसारखं झाड बघून बरं वाटतं, कारण बाकीच्या संपादकांत ते असतं. पण फाइल उघडण्याचा तो सगळ्यात हळू मार्ग आहे. तुम्हाला फाइलचं नाव अर्धवट आठवत असतं. तेवढं लिहून एंटर मारता आलं पाहिजे. त्यासाठी जुनेगुन चोई यांचं एफझेडएफ आहे, आणि निओविमवर टेलिस्कोपही. दोन्हीमध्ये नावातली विखुरलेली अक्षरं लिहिली तरी चालतात.

जोडीला 'रिपग्रेप' हा फाइलींतला मजकूर शोधणारा स्वतंत्र प्रोग्राम मशीनवर टाका. गिटने दुर्लक्षित केलेल्या फाइली तो आपोआप वगळतो, त्यामुळे नोड मॉड्यूल्सच्या ढिगाऱ्यात शोध अडकत नाही.

अनोळखी प्रोजेक्टची रचना पहिल्या दिवशी समजून घ्यायची असेल तर झाड उपयोगी आहे, पण त्यासाठी विममध्ये 'नेटआरडब्ल्यू' असतंच. कोलन आणि 'एक्स्प्लोर' लिहा.

पडद्यावर कुठेही उडी मारायची प्लगिन फार वेगवान म्हणतात. खरं आहे?

ईझीमोशन, स्नीक, लीप, फ्लॅश ही त्या घराण्यातली नावं. कल्पना अशी की दोन अक्षरं लिहायची, जुळणाऱ्या जागांवर खुणा उमटतात, हव्या त्या खुणेचं अक्षर दाबायचं.

माझं मत विचाराल तर स्नीक किंवा लीप यांपैकी एक चांगलं, पण दुसऱ्या महिन्यात. आधी ओळीच्या आत 'एफ' (दिलेल्या अक्षरावर उडी) आणि 'टी' (त्याच्या अलीकडे उडी), आणि दूर जायला तिरकी रेघ मारून शोध, हे तिन्ही हातात बसू द्या. शोध घेताना तीन-चार अक्षरांत बहुतेक वेळा पोहोचता येतं, शिवाय डोळ्यांना खुणा वाचाव्या लागत नाहीत. खुणा वाचणं हा थांबा असतो, आणि दिवसभरात तो शेकडो वेळा घ्यावा लागतो. लांबलचक लॉग फाइलीत किंवा दोन-तीन खिडक्या उघड्या असताना मात्र ही प्लगिन खरंच कामाची आहेत.

बटणांची भांडणं इथेच सुरू होतात, म्हणून एक सूचना. यातली बरीच प्लगिन 'एस' हे बटण घेतात. सराउंड निवडलेल्या मजकुरावर मोठा 'एस' वापरतं. स्नीकने हे ओळखून तिथे मोठा 'झेड' घेतला आहे, पण सगळीच प्लगिन इतकी विचारी नसतात. कुठल्या बटणावर कोण बसलंय ते बघायला कोलन, 'व्हर्बोज एनमॅप' आणि ते बटण लिहा. कोणत्या फाइलीने ते बांधलं, तेही दिसेल.

कोड आपोआप पूर्ण करणं, व्याख्येवर जाणं, चुका दाखवणं, यासाठी काय निवडावं?

इथे प्लगिनपेक्षा रचना समजणं महत्त्वाचं. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल खुला केला. त्यामुळे भाषेची समज संपादकात न राहता वेगळ्या प्रोग्राममध्ये गेली: पायथनचा एक सर्व्हर, टाइपस्क्रिप्टचा दुसरा, जावाचा तिसरा. संपादक त्यांच्याशी फक्त बोलतो. म्हणजे 'माझ्या विममध्ये सुचवण्या चुकीच्या येतात' ही तक्रार बहुतेक वेळा सर्व्हरबद्दल असते, आणि त्यासाठी प्लगिन बदलून काही होत नाही.

निओविममध्ये हे बोलणं जुलै २०२१ च्या ०.५ पासून आत आहे. मार्च २०२५ च्या ०.११ मध्ये मांडणी बरीच सोपी झाली आणि बटणंही ठरलेली आली: 'जीआरएन' नाव बदलायला, 'जीआरआर' सगळे वापर दाखवायला, 'जीआरए' सुचवलेली दुरुस्ती करायला. नवीन मशीन असेल तर आधी हे आतलंच वापरून बघा.

विमवर असाल तर 'कॉक' किंवा 'एएलई'. कॉक सगळं देतं, पण त्याला नोड जेएस लागतं आणि ते स्वतःची एक्स्टेन्शनं बाळगतं, म्हणजे विमच्या आत आणखी एक प्लगिनचं जग. एएलई मूळचं चुका दाखवणारं आणि मांडणी सुधारणारं. त्याची पसरट यादी बघून घाबरू नका, तुमच्या भाषेपुरत्या दोन ओळी पुरतात.

मेमरीचा विचार करा. लॅमिंग्टन रोडवरून घेतलेल्या जुन्या चार जीबीच्या लॅपटॉपवर विम पाण्यासारखा पळतो, पण मोठ्या जावा प्रोजेक्टचा सर्व्हर एकटाच एक जीबीच्या पुढे जाऊ शकतो. शेजारी ब्राउझर उघडा असेल तर मशीन धापा टाकायला लागतं. अशा मशीनवर सर्व्हर न लावता कंट्रोल-एन वापरा. उघड्या फाइलींतले शब्द ते सुचवतं, ताबडतोब सुचवतं, आणि ज्या फाइलीत काम चाललंय तिथे हवा तो शब्द बहुतेक वेळा आधी आलेला असतोच.

विम घेऊ की निओविम?

दोन्हीचं संपादन जवळपास एकसारखं आहे, त्यामुळे निवड चुकली म्हणून काही बिघडत नाही.

विम ब्राम मोलेनार यांनी अमिगा संगणकासाठी लिहायला घेतलं आणि १९९१ मध्ये लोकांसमोर आणलं. त्यामागे १९७६ चा बिल जॉय यांचा 'व्हीआय' होता. निओविम २०१४ मध्ये विमपासून वेगळं झालं. ३ ऑगस्ट २०२३ रोजी ब्राम गेले. त्यानंतर विमचं काम इतरांनी हाती घेतलं आणि जानेवारी २०२४ ची ९.१ आवृत्ती त्यांना अर्पण केली. विम फाइलचं नाव न देता उघडलं की युगांडातल्या मुलांना मदत करा अशी ओळ दिसते, ती ब्राम यांनी घातलेली. संपादकाची किंमत त्यांनी मागितली नाही, तिथल्या किबाले गावातल्या अनाथ मुलांसाठी देणगी मागितली. 'हेल्प युगांडा' लिहून ते पान एकदा तरी वाचा.

निवडीचा नियम सरळ आहे. तुमचं काम मुख्यतः स्वतःच्या लॅपटॉपवर असेल तर निओविम, कारण नवी प्लगिन आता तिथेच जास्त येतात आणि ती ल्युआ या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेली असतात. काम मुख्यतः दुसऱ्यांच्या सर्व्हरवर असेल तर विम.

तयार संच घेतला तर?

लेझीविम, एनव्हीचॅड वगैरे संच पहिल्याच दिवशी चकचकीत संपादक देतात. पण काही अडलं की ते कोणामुळे अडलं हे तुम्हाला सांगता येत नाही, कारण तुम्ही काहीच निवडलेलं नसतं. निओविमसाठी 'किकस्टार्ट' वेगळं आहे. ती एकच फाइल आहे, प्रत्येक ओळीवर समजावणारी टीप असते, आणि ती वाचून आपल्याला हवी तशी कापायचीच असते. संच घ्यायचाच असेल तर तो घ्या.

बँकेच्या सर्व्हरवर इंटरनेटच नाही, काही टाकायची परवानगीही नाही. तिथे काय करू?

हा प्रश्न या शहरात सगळ्यात जास्त येतो, आणि त्याचं उत्तर जरा सविस्तर द्यायला हवं. ब्रोकर, बँका, विमा कंपन्या यांच्याकडे काम करणाऱ्यांचा अर्धा दिवस दूरच्या लिनक्स मशीनवर जातो.

आधी तिथे कोणता विम आहे ते बघा. उबुंटू आणि डेबियनवर बरेचदा 'विम-टायनी' असतो, रेड हॅटच्या घराण्यात 'विम-मिनिमल'. कोलन लिहून 'व्हर्जन' द्या. यादीत 'इव्हॅल'पुढे उणे चिन्ह असेल तर त्या विममध्ये विमस्क्रिप्ट, म्हणजे विमची स्वतःची भाषा, चालतच नाही, म्हणून कुठलंच प्लगिन चालणार नाही. तिथे धडपड करण्यात अर्थ नाही. डी, सी, एफ, टी, टिंब, आणि कोलनवाले 'एस' (शोधून बदलणं) व 'जी' (जुळणाऱ्या प्रत्येक ओळीवर कमांड चालवणं) यांवर काम करा. 'जी' आणि न जुळणाऱ्या ओळींवर चालणारी तिची उलटी कमांड 'व्ही' लोक विसरतात. समजा लॉगची प्रत उघडली आहे आणि फक्त एररच्या ओळी ठेवायच्या आहेत: कोलन, व्ही, तिरकी रेघ, एरर, तिरकी रेघ, डी. एका एंटरवर बाकी सगळं जातं.

पूर्ण विम असेल आणि तुमच्या होम फोल्डरमध्ये फाइल ठेवायला परवानगी असेल तर प्लगिन मॅनेजरची गरजच नाही. सप्टेंबर २०१६ च्या विम ८ पासून पॅकेजची सोय आत आहे. 'डॉट विम' फोल्डरात 'पॅक', त्यात कुठल्याही नावाचा एक फोल्डर, त्यात 'स्टार्ट', आणि त्यात प्लगिनचा फोल्डर ठेवला की झालं. सराउंड, रिपीट आणि कमेंटरी ही तिन्ही नुसत्या विमस्क्रिप्टची छोटी प्लगिन आहेत. त्यांना ना नोड लागतं, ना इंटरनेट. परवानगी मात्र लेखी घ्या. प्लगिन म्हणजे तुमच्या नावाने चालणारा दुसऱ्या कुणाचा तरी कोड, आणि सुरक्षा विभागाला त्याबद्दल विचारायचा हक्क आहे.

याच कारणासाठी 'सुडो विम' करू नका. तसं केलं आणि तुमचं कॉन्फिग सोबत गेलं, तर सगळी प्लगिन रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून चालतात. त्याऐवजी 'सुडोएडिट' वापरा. ते फाइलची तात्पुरती प्रत काढतं, तुमचा संपादक तुमच्याच अधिकारात उघडतं आणि सेव्ह करून बाहेर पडलात की प्रत मूळ जागी लिहितं.

आणि काहीच चालत नसेल तर फाइल तुमच्याकडे आणा. विमला 'एससीपी'ने सुरू होणारा पत्ता दिला की तो दूरची फाइल इथे उघडतो आणि सेव्ह केली की परत पाठवतो. अर्थात ऑफिसच्या नियमात बसत असेल तरच.

मराठी मजकूर लिहिताना सगळी बटणं बंद पडतात. यावर प्लगिन आहे का?

आहे, पण त्याहून चांगला उपाय विममध्येच आहे.

आधी काय होतं ते पाहा. तुम्ही सिस्टीममध्ये इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावला आहे. एखाद्या मराठी अ‍ॅपच्या मजकुराची फाइल उघडली, दोन ओळी लिहिल्या, एस्केप मारलं आणि खाली जायला 'जे' दाबलं. विमपर्यंत 'जे' पोहोचलंच नाही, पोहोचला 'र'. के दाबलं तर 'क' पोहोचला. ओळ उडवायला डीडी मारलं तर दोन हलन्त गेले. विमला यातलं काहीच कळत नाही.

प्लगिनचा मार्ग असा: बार्बारिक किंवा आयएम-सिलेक्टवर आधारलेली प्लगिन लिहिण्याच्या मोडमधून बाहेर पडताच सिस्टीमचा कीबोर्ड इंग्रजीवर नेतात आणि परत शिरलात की मराठीवर आणतात. लिनक्सवर आयबस किंवा एफसीआयटीएक्स या कीबोर्ड बदलणाऱ्या प्रोग्रामांबरोबर, आणि मॅकवरही हे चालतं. पण प्रत्येक वेळी बाहेरचा प्रोग्राम हाक मारावा लागतो, आणि सर्व्हरवर त्याचा उपयोग नाही.

विमचा मार्ग 'कीमॅप' हा आहे. सिस्टीमचा कीबोर्ड इंग्रजीच ठेवायचा. 'डॉट विम'मध्ये 'कीमॅप' फोल्डर करून त्यात एक फाइल लिहायची, 'लोडकीमॅप' या ओळीनंतर प्रत्येक ओळीत एक बटण आणि त्याचं अक्षर: जे पुढे र, के पुढे क, एल पुढे त, एच पुढे प. शिफ्ट आणि सातवर 'क्ष' अशी अनेक चिन्हांची जोडणीही चालते. मग लिहिताना कंट्रोल आणि सहा दाबलं की मराठी सुरू, पुन्हा दाबलं की बंद. कमांडच्या मोडमध्ये बटणं इंग्रजीच राहतात, पण 'एफ' नंतरच्या अक्षराला मात्र हाच कीमॅप लागू होतो, म्हणजे 'एफ' दाबून पुढच्या 'म'वर उडी मारता येते. लिहायला तासभर लागतो, आणि ती फाइल वर्षानुवर्षे सोबत राहते.

मराठीत आणखी एक गोष्ट अडते. वेलांटी चुकली म्हणून 'एक्स' दाबलं तर वेलांटीसकट अक्षरच जातं. 'डेलकम्बाइन' हे सेटिंग सुरू केलं की विम मात्रा, वेलांटी, हलन्त एकेक करून काढतो. शुद्धलेखन तपासणाऱ्यांसाठी ही एक ओळ मोलाची आहे. जोडाक्षरं पडद्यावर तुटलेली दिसत असतील तर दोष बहुधा टर्मिनलचा असतो, फाइल बरोबरच असते. दुसरं टर्मिनल वापरून बघा.

विम उघडायला वेळ लागतो. कोणतं प्लगिन दोषी आहे?

विमला 'स्टार्टअपटाइम' हा पर्याय आणि एका फाइलचं नाव देऊन सुरू करा. कुठली फाइल वाचायला किती मिलिसेकंद गेले याची यादी त्या फाइलीत मिळते. कॉन्फिगशिवाय बघायचं असेल तर 'क्लीन' हा पर्याय द्या.

पण 'विम हळू आहे' या तक्रारीमागे बहुतेक वेळा उघडण्याचा वेळ नसतो, एस्केपनंतरची थबक असते. एका टर्मिनलमध्ये अनेक सत्रं चालवणाऱ्या टीमक्सच्या जुन्या आवृत्त्या एस्केप मिळाल्यावर अर्धा सेकंद वाट बघतात. तिथे 'एस्केप-टाइम' दहावर आणा. दुसरी जागा 'टाइमआउटलेन'. ते मुळात १००० मिलिसेकंद असतं, आणि तुम्ही किंवा एखाद्या प्लगिनने दोन बटणांची जोडी बांधली असेल तर पहिल्या बटणानंतर विम तेवढा वेळ थांबतो. तिसरी 'अपडेटटाइम', मुळात ४०००. गिटचे बदल कडेला दाखवणारं 'गिटगटर' यावर अवलंबून असतं, म्हणून त्याच्या खुणा चार सेकंद उशिरा येतात. ते १०० करा.

रंग, खालची पट्टी, आयकॉन?

डोळ्यांना बरं वाटेल ते घ्या. संपादनाच्या वेगाशी त्याचा संबंध नाही.

ऑफिसात व्हीएस कोड किंवा इंटेलिजे सक्तीचं आहे. हे सगळं वाया जाईल का?

नाही. व्हीएस कोडमध्ये विमचं अनुकरण करणारं एक्स्टेन्शन आहे, आणि आत खरा निओविम चालवणारंही. इंटेलिजेच्या 'आयडियाविम'मध्ये सराउंडचं अनुकरण आहे, कॉन्फिगमध्ये 'सेट सराउंड' लिहिलं की सुरू. मूळ हालचाली आधी पक्क्या करा म्हणते ते याचसाठीही. त्या जशाच्या तशा सोबत येतात, बाकीची बरीच प्लगिन येत नाहीत.

एखादं प्लगिन वर्षभर अपडेट झालेलं नाही. सोडून द्यावं का?

ते काय करतं त्यावर अवलंबून आहे. सराउंड किंवा रिपीटमध्ये महिनोन्‌महिने बदल होत नाहीत, कारण त्यांचं काम पूर्ण झालेलं आहे. विमस्क्रिप्टची जुनी प्लगिन नव्या विमवरही बहुधा तशीच चालतात. निओविमच्या आतल्या भागांवर टेकलेली ल्युआ प्लगिन मात्र लवकर शिळी होतात. 'पॅकर' हा प्लगिन मॅनेजर २०२३ पासून कोणी सांभाळत नाही, त्याच वर्षी बाहेरचे कोड-तपासनीस निओविमला जोडणारं 'नल-एलएस' बंद झालं आणि काम 'नन-एलएस'कडे गेलं. जुने लेख वाचून ही दोन्ही आजही टाकली जातात. पॅकरवर असाल तर 'लेझी' या मॅनेजरवर या (वर सांगितलेला लेझीविम संच वेगळा).

अपडेट मारण्याआधी मागे परतायची वाट ठेवा. लेझी स्वतःच एक लॉक फाइल लिहितं, विम-प्लगमध्ये 'प्लगस्नॅपशॉट' आहे. ती फाइल बाकीच्या कॉन्फिगबरोबर गिटमध्ये ठेवा, आणि अपडेट शुक्रवारी संध्याकाळी करा, सोमवारी सकाळी स्टँडअपच्या आधी नको.